घोंगडी वाचवायची असेल, तर विकत घेण्यापलीकडे काय करता येईल?

घोंगडी आणि मेंढपाळी टिकवण्यासाठी शहरातल्या माणसाने नेमके काय करावे, असे आपण विचारले आहे. माझे वडील सणगर, म्हणजे घोंगड्या विणणारे. माण तालुक्यातल्या आमच्या घरी खड्ड्याचा माग होता. त्या अनुभवावरून सांगतो की, एक घोंगडी विकत घ्या, हे उत्तर चुकीचे नसले तरी फार अपुरे आहे.

पहाटे गल्लीभर ताणा, म्हणजे मागावर चढवायचे उभे धागे, पसरलेला असे. चिंचोके भिजवून, वाटून आणि शिजवून केलेली खळ वडील कुंच्याने त्या सुतावर चढवत आणि ऊन तापण्याआधी हे काम उरकावे लागे, कारण खळ नीट बसली नाही की तोच धागा पुढे मागावर पदोपदी तुटत असे. नवी घोंगडी ताठ आणि टोचरी लागते ती काही अंशी या खळीमुळेच. तिची तुलना शालीशी करून नाक मुरडणाऱ्या गिऱ्हाइकांचा मला अजूनही राग येतो.

हे सूत यायचे दख्खनी मेंढीच्या काळ्या, राठ लोकरीपासून, आणि ते कातायच्या धनगरांच्या बायका. या मेंढीपासून वर्षाला जेमतेम अर्धा-पाऊण किलो लोकर मिळते. आता कातरणाऱ्याची मजुरीही लोकरीच्या दरातून सुटत नाही, त्यामुळे कातरलेली लोकर कित्येकदा बांधावरच पडून राहते. मेंढपाळाचे घर चालते ते कोकरांच्या विक्रीवर आणि खतासाठी शेतात मेंढरे रात्री बसवल्याबद्दल मिळणाऱ्या धान्यावर किंवा पैशांवर. म्हणूनच जत भागातली माडग्याळ मेंढी अनेकांनी स्वीकारली. ती अंगाने मोठी असते, तिच्या कोकरांना चांगला भाव येतो, मात्र घोंगडीजोगी लोकर तिच्या अंगावर नसते. पानिपतच्या स्वस्त ब्लँकेटांनी आमचे गिऱ्हाईक नेले हे खरे, पण कळपाचा रंग बदलला तेव्हा सूतच आटले, याची चर्चा क्वचितच होते. मेंढपाळाला यात दोष देता येणार नाही. दख्खनी मेंढीच परवडू लागली, तर तो ती सोडणार नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोल मेंढीतला जुळी कोकरे देण्याचा गुण दख्खनी रक्तात आणून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली, ती मला त्यासाठीच मोलाची वाटते.

चराईचा प्रश्न याहून बिकट आहे. दिवाळीनंतर कोकणात उतरून पावसाळ्याच्या तोंडावर परतणाऱ्या कळपांच्या वाटेत आज ऊस, तारेची कुंपणे, प्लॉटिंग आणि भरधाव वाहने आहेत. चराऊ कुरणांना आणि वाटांना संरक्षण देण्याचे घोंगडे वर्षानुवर्षे भिजत पडले आहे.

तेव्हा घोंगडी घेताना ती दख्खनी लोकरीची आणि हातसुताची आहे का, हे अवश्य विचारा. आपला काही उद्योग असेल, तर कातरणीच्या दिवसांत थेट वाड्यावरून, म्हणजे मेंढपाळांच्या मुक्कामावरून, कच्ची लोकर घ्या. गाद्या, जाजमे आणि नमदे (लोकर दाबून केलेल्या जाड बैठकी) यांसाठी राठ लोकरही चालते. आणि गावाकडे आपली जमीन असेल, तर सुगीनंतर रासायनिक खताच्या दोन गोण्या कमी आणून त्याच पैशांत चार रात्री मेंढरे बसवून घ्या. त्या लेंडीखताचा गुण पुढच्या पिकात दिसेलच, शिवाय तो कळप पुढच्या वर्षी पुन्हा त्याच वाटेने येईल.