चिप्तागलार: भात पिकवणारं, पण न विकणारं गाव

तुमचा प्रश्न असा आहे: कृषी पदवीच्या प्रकल्पासाठी इंडोनेशियातल्या एका भातगावाची ओळख लिहायची आहे, तर कोणतं गाव निवडावं? जावा बेटावर तांदूळ न विकणारे लोक आहेत हे खरं का, आणि खरं असेल तर त्यांचं भागतं कसं? जाता जाता तिथलं बियाणं आणता येईल का, हेही विचारलंत. मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं पश्चिम जावात आहे, आणि मूळचा संगमेश्वर तालुक्यातल्या भातशेतीच्या घरातला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बहुतेक जण तुम्हाला बालीतलं जातिलुविह सुचवतील. गाव उत्तमच आहे. बालीची 'सुबाक' ही पाणीवाटपाची पद्धत 2012 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यात त्याचा समावेश आहे. पण त्यावर इतकं लिहून झालंय की तुमच्या हाती नवीन काही लागणं कठीण. मी सांगेन, चिप्तागलार घ्या. तांदूळ न विकणारे लोक म्हणून तुम्ही ज्यांच्याबद्दल ऐकलंत, ते हेच.

चिप्तागलार पश्चिम जावाच्या सुकाबुमी जिल्ह्यात, चिसोलोक तालुक्यात, हालिमुन डोंगररांगेत साधारण हजार मीटर उंचीवर आहे. सरकारी दप्तरी ते सिर्नारस्मी ग्रामपंचायतीत मोडतं. मात्र ही फक्त एक वस्ती समजू नका. 'कासपुहान' म्हणजे जुन्या वडीलधाऱ्यांची रीत पाळणारा समाज, आणि चिप्तागलार हे त्याचं मुख्य ठाणं. त्याला मानणाऱ्या वाड्या सुकाबुमी, बोगोर आणि शेजारच्या बांतेन प्रांतातल्या लेबाक जिल्ह्यात विखुरलेल्या आहेत. परंपरेने ते आपलं नातं पाजाजारान या सुंदा राज्याशी सांगतात, जे 1579 मध्ये बांतेनच्या सुलतानाने जिंकलं. लोक सुंदानी भाषा बोलतात, धर्माने मुसलमान आहेत आणि भाताची देवी न्यी पोहाची हिलाही तितक्याच मनापासून मानतात. त्यांना यात काही विसंगत वाटत नाही, तेव्हा लिहिताना तुम्हीही ती शोधत बसू नका.

ठाण्याची जागा कायमची नसते. पूर्वजांचा संकेत आला की प्रमुख ती हलवतो. आत्ताच्या जागी ते 2001 मध्ये आले, त्याआधी चिप्तारासा या जागी होते. प्रमुखाला 'अबाह' म्हणतात. सध्याचे अबाह उगी यांच्याकडे 2007 मध्ये वडिलांच्या निधनानंतर, अगदी तरुण वयात, ही जबाबदारी आली.

आता मूळ मुद्दा. होय, ते तांदूळ विकत नाहीत. भात नाही, कांडलेला तांदूळ नाही, पीठसुद्धा नाही. भात म्हणजे आई, आणि आई विकायची नसते, असं ते सांगतात. हे ऐकून आपण 'श्रद्धा आहे' म्हणून पुढे जातो. माझं म्हणणं असं की या एका नियमावर तिथली सगळी शेती उभी आहे. विक्री नाही म्हणून वर्षात एकच पीक पुरतं. एकच पीक आहे म्हणून गरव्या, म्हणजे उशिरा तयार होणाऱ्या, जाती परवडतात. त्या जाती आहेत म्हणून भात लोंब्यांसकट वर्षानुवर्षं साठवता येतं, आणि घरात साठा आहे म्हणून विकण्याची निकड पडत नाही. यातली एक कडी काढली की बाकीच्या निखळतात. तुमचा प्रकल्प या साखळीभोवती बांधा.

वर्षाची सुरुवात आकाशाकडे बघून होते. ते दोन तारकासमूह पाहतात: 'केर्ती' म्हणजे आपली कृत्तिका, आणि 'किडांग', जो आपल्या मृग नक्षत्राच्या भागातला आहे. आपल्याकडे मृग लागतो तेव्हा सूर्यच त्या नक्षत्रात असतो, म्हणून ते दिसत नाही. ते पंचांगात वाचायचं असतं. इथे मात्र ते तारे पहाटे पूर्वेला पुन्हा दिसू लागण्याची प्रत्यक्ष वाट बघितली जाते. त्यांची एक म्हण आहे: केर्ती दिसली की लोखंडी अवजारं बाहेर काढायची, किडांग दिसला की शेतात उतरायचं. म्हणीचा तिसरा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. किडांग मावळतीला कलला की किडी उतरतात, असं ती सांगते. लोंबीवरच्या ढेकण्या येण्याआधी दाणा भरून झाला पाहिजे, हा त्याचा अर्थ. आधी डोंगरउतारावरच्या 'हुमा'त, म्हणजे आपल्या वरकस जमिनीसारख्या शेतात, पेरणी होते. पुरुष टोकदार काठीने भोकं पाडत पुढे जातात आणि बायका मागून त्यांत बी टाकतात. त्यानंतर खाचरात लावणी. सुरुवात प्रमुखाच्या शेतातून होते आणि मग सगळ्या वाड्या जवळपास एकाच वेळी लागतात. कीटकशास्त्र शिकलेल्या माणसाला यातलं मर्म वेगळं सांगायला नको: सगळ्यांचं भात एकाच वेळी उभं, पुढे कित्येक महिने शेत मोकळं, त्यामुळे खोडकिडा असो की तुडतुडे, त्यांना सलग खाणं मिळत नाही.

कापणीची पद्धत जरूर टिपून ठेवा. विळा वापरत नाहीत. तळहातात मावणारं, लाकडात बसवलेलं लहानसं पातं असतं. सुंदानीत त्याला 'एतम' म्हणतात, इंडोनेशियात इतरत्र 'आनी-आनी'. बोटांमध्ये धरून एकेक लोंबी दांड्यासकट खुडायची. मग त्यांच्या जुड्या बांधून बांबूच्या आडव्या मांडवावर कित्येक दिवस वाळत घालायच्या. झोडणी, मळणी, उफणणी यातलं काही नाही. उंच वाढणाऱ्या, लांब दांड्याच्या, दाणा घट्ट धरून ठेवणाऱ्या जातीच यासाठी चालतात. आयआर-64 सारख्या सुधारित जातींचा दाणा सहज झडावा अशीच त्यांची निवड झालेली असते, कारण तिथे झोडणी करायची असते. म्हणजे अवजार, जात आणि कोठार ही तिन्ही एकमेकांना बांधलेली आहेत. स्थानिक जाती शंभराहून जास्त असल्याचं ते लोक सांगतात. उंचीनुसार, पाण्यानुसार प्रत्येक घर आपापलं वाण राखतं. पीक सहाएक महिन्यांचं. आपल्याकडे हळव्या, म्हणजे लवकर तयार होणाऱ्या, जातींनी गरव्या मागे टाकल्या, इथे उलट आहे.

कोठाराला 'लउइत' म्हणतात. जमिनीपासून उचललेलं, बांबूच्या भिंतींचं, वर काळ्या ताडतंतूंचं छप्पर आणि त्याच्या त्रिकोणात उंचावर एक लहान दार. शिडी लावूनच आत जाता येतं. वस्तीत शिरताना घरांच्या आधी ही कोठारं नजरेत भरतात. ती घरांपासून थोडी दूर एका रांगेत असतात, आणि घराला आग लागली तरी धान्य वाचावं हा त्यातला शहाणपणा आहे. जुडीतलं न कांडलेलं भात त्यात कित्येक वर्षं टिकतं. प्रत्येक कुटुंबाचं लउइत असतं, आणि सगळ्यांचं मिळून एक 'सी जिमात'. दरवर्षी प्रत्येक घर त्यात आपल्या वाट्याच्या जुड्या घालतं. कुणाला कमी पडलं तर तिथून उसनं घ्यायचं, पुढच्या पिकाला परत करायचं. सावकार लागत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला 'सेरेन ताउन' हा सण होतो, तो या कोठारात भात ठेवण्याचा. पुरुष बांबूच्या कावडींवर जुड्या घेऊन येतात, चालताना कावड विशिष्ट लयीत करकरते, आणि त्या करकरण्याचंही एक वाद्य मानलं जातं. तारीख दरवर्षी बैठकीत ठरते.

भात सडणं, म्हणजे कांडून तूस काढणं, मात्र गिरणीत नाही. 'लिसुंग' हे लाकडाचं लांबट उखळ आणि 'हालू' म्हणजे मुसळ. चार-सहा बायका समोरासमोर उभ्या राहून भात कांडतात. शिजवणं लाकडाच्या चुलीवर, तांब्याच्या भांड्यावर बांबूचा शंकू ठेवून वाफेवर. घरात तांदळाची खोली वेगळी असते, 'गोआह', आणि तिथे पुरुषाने पाऊल ठेवायचं नाही. तांदळावर घरच्या बाईचाच अधिकार. हे वाचायला छान वाटतं, पण कांडण्याचे कष्टही रोजच्या रोज तिच्याच खांद्यावर आहेत. प्रकल्पात हे लिहायला विसरू नका. माझ्या आजीच्या पिढीने उखळ सोडलं ते आनंदाने सोडलं होतं.

पैसा कुठून येतो, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. तांदूळ सोडून बाकी सगळं विकता येतं. भाजीपाला, केळी, मसाल्याची पिकं, आणि मुख्य म्हणजे गूळ. ताडाच्या कुळातला 'कावुंग' नावाचा वृक्ष असतो, त्याचा रस काढून मोठ्या कढईत आटवतात. चिसोलोक परिसर या गुळासाठी प्रसिद्ध आहे. लउइतच्या छपराचे काळे तंतूही याच झाडाचे. शिवाय बरेच तरुण शहरात मजुरी किंवा नोकरी करतात आणि घरी पैसे पाठवतात. पोट भातावर आणि बाकीचा खर्च या रोकडीवर अशी सरळ विभागणी आहे.

इथे एक गैरसमज दूर करतो. हे लोक जगापासून तुटलेले नाहीत. ओढ्यांवर त्यांचे लहान जलविद्युत संच चालतात, स्वतःचं रेडिओ केंद्र आहे, स्वतःची दूरचित्रवाणी वाहिनी आहे, इंटरनेट आहे. अबाह उगींना स्वतःलाच इलेक्ट्रॉनिक्सची आवड आहे. नकार फक्त भाताच्या वाटेत येणाऱ्या यंत्राला: नांगरणीला ट्रॅक्टर नाही, सडायला गिरणी नाही. काय घ्यायचं आणि काय नाही याची रेघ त्यांनी स्वतः आखली आहे.

आणि ही रेघ आखणं सोपं नव्हतं. 1970 च्या दशकात इंडोनेशियाभर आखूड मुदतीच्या जाती, खतं आणि औषधं यांची सरकारी मोहीम जोरात होती. वर्षाला दोन-तीन पिकं निघाली, पण तपकिरी तुडतुड्यांनी मोठी नासधूसही केली. 1984 मध्ये देश तांदळात स्वयंपूर्ण झाल्याचं जाहीर झालं. दोनच वर्षांत पुन्हा तुडतुडे उसळले आणि 1986 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घालावी लागली, कारण औषधांनी तुडतुड्यांचे शत्रू आधी मरत होते. चिप्तागलारचा एका पिकाचा नियम या सगळ्या काळात टिकून राहिला.

जंगलाबद्दल एक परिच्छेद तरी लिहाच. ते जंगलाचे तीन भाग मानतात: एक पूर्वजांनी ठेव म्हणून सोपवलेलं, ज्याला हात लावायचा नाही, दुसरं झरे सांभाळण्यासाठी बंद ठेवलेलं, तिसरं कसण्यासाठी. खाचरांचं पाणी पहिल्या दोहोंतूनच येतं. पण 1992 मध्ये हालिमुन राष्ट्रीय उद्यान झालं आणि 2003 मध्ये ते वाढून 1 लाख 13 हजार हेक्टरांवर गेलं, तेव्हा त्यांच्या वहिवाटीच्या जमिनी उद्यानाच्या हद्दीत आल्या. 2013 मध्ये घटना न्यायालयाने निकाल दिला की परंपरागत समाजांचं जंगल हे सरकारी जंगल नव्हे. त्यानुसार 2016 च्या डिसेंबरात लेबाकमधल्या कासपुहान कारांगला त्यांच्या जंगलाची मान्यता मिळाली. हालिमुनच्या या समाजांसाठी हा फार मोठा टप्पा होता.

मात्र चिप्तागलार म्हणजे इंडोनेशियातलं सरासरी भातगाव असं लिहू नका, ते चुकीचं होईल. सरासरी गाव बघायचं तर पश्चिम जावातल्याच कारावांगच्या सपाटीवर जा. कालव्याचं पाणी, वर्षाला दोन पिकं, कापणी यंत्राने, आणि शेतातूनच व्यापारी भात उचलून नेतो. कित्येक शेतकरी नंतर दुकानातून तांदूळ विकत आणून खातात. 2023 च्या कृषी गणनेनुसार देशातल्या साठ टक्क्यांहून अधिक शेतकरी कुटुंबांकडे अर्ध्या हेक्टरपेक्षा कमी जमीन आहे. एवढ्याशा तुकड्यावर कर्ज, खत आणि मुलांची शाळा सांभाळणाऱ्याला 'विकू नको' असं कोण सांगणार? आणि कारावांगने विकलं नाही तर जकार्ता काय खाणार? माझी सूचना अशी की दोन्ही गावं शेजारी ठेवून लिहा. चिप्तागलारचं मोल तेव्हाच नीट कळतं.

जायचं असेल तर दक्षिण किनाऱ्यावरच्या पलाबुहान रातूपर्यंत बसने या. पुढचा डोंगरातला रस्ता खडबडीत आहे, जीप किंवा भाड्याची मोटारसायकल लागते. पावसाळ्यात, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, टाळा. पुरुषांनी डोक्याला 'इकेत' हे फडकं बांधायचं, बायकांनी लुंगीसारखं वस्त्र नेसायचं. 'इमाह गडे' या मोठ्या घरात पाहुण्याला जेवू घालतात आणि त्याचे पैसे मागत नाहीत, कारण तांदळाची किंमत करायची नसते. निघताना आपण होऊन घरखर्चाला काही द्यावं, किंवा येतानाच साखर, कॉफी, तेल असं आणावं. आधी प्रमुखांना भेटा, मग शेतात जा. लउइत उघडून दाखवा म्हणू नका, आणि पुरुष असाल तर गोआहचा फोटो काढण्यासाठी दारात डोकावू नका.

बियाण्याचं उत्तर स्पष्ट आहे: आणू नका. कुणी प्रेमाने दोन लोंब्या दिल्या तरी परवान्याशिवाय त्या भारतात आणणं 2003 च्या वनस्पती संगरोध आदेशात बसत नाही. संशोधनासाठी बियाणं मागवायचं असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोमार्फत रीतसर परवानगी घ्यावी लागते आणि तो विद्यापीठाने करायचा पत्रव्यवहार आहे. त्याच्याही आधी प्रमुखांची संमती हवी. तुमच्या प्रकल्पाला बियाण्यापेक्षा वाणांची यादी जास्त उपयोगी पडेल: नाव, उंची, मुदत, कुसळ आहे की नाही, कुठल्या उताराला लावतात. कांडायला जमलेल्या बायकांजवळ बसून विचारा, पुरुषांपेक्षा त्यांना ती जास्त ठाऊक असतात.