काटा मणक्याचा, साप मेंदूचा

प्रश्न: नमस्कार डॉक्टर साहेब. परवा धुऱ्यावरून येत होतो तर बाभळीचा काटा टोचला, पाय आधीच उचलल्या गेला अन् दुखणं मागून आलं. तसंच एकदा ठिबकचा काळा पाइप साप समजून उडी मारली, पाइप आहे हे उडी मारल्यावर दिसलं. मित्र म्हणते हे सगळं मणक्यातूनच होते, मेंदूचा काही रोल नाही. खरं काय? अन् माह्या बाबांना शुगर आहे, त्यांच्या पायात काटा घुसून बसला तरी त्यांना पत्ताच नव्हता, हे काहून?
– एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर: दादा, मित्र अर्धाच बरोबर आहे. काट्याचं काम खरंच मणक्यातल्या मज्जारज्जूत उरकतं, टोचल्याची खबर तिथं पोचली की तिथूनच पायाच्या स्नायूंना ऑर्डर सुटते, मेंदूला नंतर कळतं. आणि त्याच वेळी दुसऱ्या पायाला ताठ राहायची ऑर्डर जाते, नाहीतर दर काट्याला माणूस धुऱ्यावर आडवाच! चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं अशा रिफ्लेक्सवर, म्हणजे आपोआप होणाऱ्या हालचालींवर, आयुष्य घालवलं, १९३२ चं नोबेल मिळालं त्यांना, एडगर एड्रियन या दुसऱ्या शास्त्रज्ञासोबत.

दुखणंही दोनदा येतं बघा. पहिली तीक्ष्ण कळ सेकंदाला ५ ते ३० मीटरनं धावते, मागची चरचर जेमतेम अर्धा ते २ मीटरनं, म्हणून पायापासून डोक्यापर्यंत यायला तिला सेकंदभर सहज लागतो.

पण मेंदू ब्रेक मारू शकतो हं. चुलीवरचा गंज उतरवताना चटका बसला तरी भाजी सांडू नये म्हणून बाया तो खाली टेकवल्याशिवाय सोडत नाहीत, तो ब्रेक वरूनच येतो.

पाइपचं मात्र सगळं मेंदूतलंच. डोळ्याची नस थेट मेंदूत जाते, मणक्याला पाइप दिसणार कुठून? मेंदूत अमिग्डाला म्हणून भीतीचा एक भाग आहे, तो अर्धवट दिसल्यावरच अलार्म देतो, नीट ओळख पटायला थोडा जास्त वेळ लागतो, तोवर तुम्ही उडालेले असता. आपल्याकडं वावरात साप निघतातच, तेव्हा उगाच मारलेली उडी परवडली.

बाबांचं जरा सिरीयस घ्या. बरीच वर्षं शुगर जास्त राहिली की पायाच्या नसा खराब होतात, मग खबरच निघत नाही, ना मणक्याला ना मेंदूला. वावरात अनवाणी जाऊ देऊ नका, रोज संध्याकाळी तळपाय तुम्ही स्वतः बघा, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा, आणि काटा घुसला ती जागा लाल किंवा सुजलेली असेल तर घरी सुईनं कोरत बसू नका, आजच दवाखान्यात न्या.