गाण्यातला खटला

प्रिय दोस्ता,

तुझ्या पॉडकास्टचा मसुदा वाचला. रुबिन कार्टर या कृष्णवर्णीय अमेरिकी मुष्टियोद्ध्याचा खटला निवडलास, चांगलं केलंस. पण निम्मी माहिती त्याच्यावरच्या बॉब डिलनच्या 'हरिकेन' या गाण्यातून उचललेली आहे, हे दुसऱ्याच पानावर कळतं. तिथे तू कार्टरला मिडलवेट विजेतेपदाचा पहिल्या क्रमांकाचा दावेदार म्हटलं आहेस. हे गाण्यातलं वाक्य. प्रत्यक्षात विजेतेपदाची लढत तो १९६४ मध्येच गुणांवर हरला होता आणि १९६६ पर्यंत क्रमवारीत बराच खाली घसरला होता.

गाणं जबरदस्त आहे, वाद नाही. साडेआठ मिनिटं श्रोता हलत नाही. पण ती एका बाजूची वकिली आहे आणि ती १९७५ च्या ऑक्टोबरमध्ये थांबते. खटला पुढे बारा वर्षांहून जास्त चालला.

म्हणून आधी एका लांब कागदावर तारखांची पट्टी काढ. १७ जून १९६६, न्यू जर्सीतलं पॅटर्सन शहर, पहाटे अडीचच्या सुमारास लाफायेट बारमध्ये गोळीबार. दोघे जागीच गेले, एक महिला काही आठवड्यांनी, चौथा माणूस वाचला. या खुनांसाठी कार्टर आणि सहआरोपी जॉन आर्टिस यांना १९६७ मध्ये जन्मठेप. १९७६ च्या मार्चमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण साक्षीदारांना दिलेली आश्वासनं सरकारी पक्षाने लपवली होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फेरखटल्यात पुन्हा दोषी. १९८५ मध्ये संघीय न्यायाधीश सारोकिन यांनी तोही निकाल उलथवला आणि १९८८ मध्ये आरोप मागे घेतले गेले. आता या पट्टीवर गाणं जिथे संपतं तिथे लाल रेघ मार. रेघेच्या उजवीकडचं काहीच गाण्याला ठाऊक नाही.

मग गाण्याचं एकेक कडवं घे आणि त्याच्यासमोर नोंद लिही. एक नमुना देतो. गाणं म्हणतं, चार महिन्यांनी कार्टर दक्षिण अमेरिकेत लढत होता. जूनपासून चार महिने मोज: ऑक्टोबर येतो. अर्जेंटिनातली लढत ऑगस्टची आणि ऑक्टोबरच्या मध्यावर तर त्याला अटक झाली. चूक किरकोळ आहे, पण तुझ्या मसुद्यात ती जशीच्या तशी उतरली आहे आणि जाणकार श्रोता नेमका तिथेच पकडेल.

'सगळे गोरे ज्युरी' हे १९६७ च्या खटल्याबद्दल बरोबर. मात्र फेरखटल्याच्या ज्युरीत दोन कृष्णवर्णीय होते आणि त्यांनीही दोषीच ठरवलं. हे गैरसोयीचं आहे, म्हणून तर सांगायलाच हवं. लगेच पुढे हेही सांग की त्या वेळी सरकारी पक्षाने नवा हेतू मांडला होता: त्याच रात्री एका गोऱ्याने कृष्णवर्णीय बारमालकाला मारलं, त्याचा हा सूड. सारोकिन यांनी वंशद्वेषाला केलेलं हेच आवाहन फटकारलं. शिवाय प्रमुख साक्षीदार बेलोच्या लाय-डिटेक्टर चाचणीबाबतची माहिती बचाव पक्षापासून दडवल्याचंही दाखवलं. तो निकाल मुळातून वाच, बातमीवरून नको.

शेवटी तू लिहिलं आहेस, 'न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं.' खोड ते. शिक्षा घटनाबाह्य ठरली आणि खटला संपला, एवढंच न्यायालयीन सत्य. तो निर्दोष होता असं तुझं मत असेल तर 'माझं मत' असं म्हणून खुशाल मांड.

डिलनलाही वकिलांनी अडवलं होतं, हा भाग अवश्य घे. पहिल्या आवृत्तीत बेलो आणि ब्रॅडली या दोन साक्षीदारांवर मृतांना लुटल्याचा आरोप होता. दावा होईल म्हणून शब्द बदलले. पण मूळ ध्वनिमुद्रणात एका माइकमध्ये दुसऱ्याचा आवाज झिरपलेला, नुसता गळा बदलता येईना, म्हणून सगळं गाणं पुन्हा रेकॉर्ड करावं लागलं. एवढं करूनही बारच्या वर राहणाऱ्या साक्षीदार बाईंनी दावा ठोकलाच. त्या हरल्या. तुझ्याकडे डिलनचे वकील नाहीत, तेव्हा जिवंत माणसावर आरोप करणारं प्रत्येक वाक्य 'कोणी, कुठे, कोणत्या तारखेला म्हटलं' यासकट लिही.

मेलेल्यांची नावं गाण्यात नाहीत. तू पहिल्या तीन मिनिटांत घे आणि जखमांचं वर्णन गाळ.

गाण्याचा तुकडा वाजवायचा मोह टाळ. 'दहा सेकंद चालतात' ही निव्वळ अफवा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात समीक्षेसाठी सवलत आहे, सेकंदांची मोजणी कुठेच नाही. शिवाय प्लॅटफॉर्मची यंत्रणा आवाज ओळखून एपिसोड बंद करते आणि मग तक्रार करत बसावं लागतं. कडव्याचा आशय तुझ्या शब्दांत सांग, पुरतं.

दुसरा मसुदा पाठवताना समासात प्रत्येक दाव्यासमोर निकालाचं पान क्रमांक टाक. जिथे समास रिकामा राहील तिथलं वाक्य मी वाचणारच नाही.

तुझा,
एक जुना संपादक