वाचकांचे प्रश्न : कबरीच्या शिळेवरील तुर्की कविता

प्रश्न : इस्तंबूलच्या जुन्या कबरस्तानांत शिळांवर कविता कोरलेल्या आहेत, असे वाचले. त्या कोण रचत असे, आणि तुर्की साहित्यात त्यांना खरोखर स्थान आहे का?

उत्तर : निश्चितच आहे, आणि माझ्या मते ते आजवर मिळालेल्या मानापेक्षा मोठे आहे. एयुप किंवा उस्कुदारच्या काराजाअहमत कबरस्तानातील उस्मानी (ऑटोमन) काळच्या शिळेचा मजकूर बहुधा ठरलेल्या वळणाचा असतो : शिरोभागी ‘हुवेल बाकी’, म्हणजे ‘चिरंतन तो एकच’, त्याखाली मृताची ओळख, मग त्याच्या आत्म्यासाठी फातिहा, म्हणजे कुराणातील पहिला अध्याय, म्हणण्याची विनंती आणि शेवटी हिजरी सन. पुष्कळ शिळांवर एवढे गद्यच आढळते. पद्य असेल तेव्हा मात्र बोलणारा बहुधा मृत स्वतः असतो आणि तो वाटसरूला उद्देशून बोलतो. ‘या भेटीतून मागणे एका प्रार्थनेचे, आज माझी पाळी, उद्या तुझी’ अशा आशयाच्या द्विपदीचा कर्ता कोणालाच ठाऊक नाही, तरी ती असंख्य कबरींवर थोड्याफार फरकाने कोरलेली दिसते. लहान मुलांच्या शिळांवर घरटे सोडून उडालेल्या आणि आईवडिलांपासून तुटलेल्या पाखराची प्रतिमा वारंवार येते. ती सर्वांच्या वापरातली असूनही प्रत्येक ठिकाणी खरी वाटते, कारण तिथे खाली एका विशिष्ट मुलाचे नाव असते.

प्रतिष्ठितांसाठी मात्र नामवंत कवी स्वतंत्र रचना करीत आणि त्यात त्यांच्या कौशल्याची कसोटी शेवटच्या ओळीत लागे. तेव्हा तुर्की ज्या अरबी लिपीत लिहिली जाई, तिच्यातील प्रत्येक अक्षराला ठरावीक अंकमूल्य असते, त्याला एबजेद म्हणतात. ओळीतील अक्षरांची बेरीज मृत्यूच्या हिजरी सनाइतकी यावी, आणि तरीही ओळ अर्थपूर्ण व वृत्तबद्ध राहावी, अशी अपेक्षा असे. कबरीबाहेरचे, पण पडताळून पाहण्यास सोपे उदाहरण द्यायचे तर ‘बेल्देतुन तय्यिबे’, म्हणजे ‘उत्तम नगरी’, या शब्दांची बेरीज ८५७ येते, आणि इस्तंबूल जिंकले गेले ते हिजरी ८५७ मध्ये, म्हणजे इ. स. १४५३ मध्ये. काही कवी केवळ नुक्तेवाली, म्हणजे टिंब असलेली, अक्षरेच मोजत, तर काही बेरजेत किती मिळवायचे वा वजा करायचे याची खूण ओळीतच पेरून ठेवत. १८१४ मध्ये वारलेला कवी सुरुरी या कलेसाठी विशेष प्रसिद्ध होता. या प्रकाराला निव्वळ शब्दक्रीडा म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण शोक आणि हिशेब एकाच ओळीत सांभाळणे ही फार कठीण शिस्त आहे.

१९२८ मध्ये तुर्कस्तानाने लॅटिन लिपी स्वीकारली आणि पुढच्या पिढ्यांना आपल्याच पूर्वजांच्या शिळा वाचता येईनाशा झाल्या. त्यानंतर दहाच वर्षांनी कवी ओरहान वेली याने ‘किताबे-इ सेंग-इ मेझार’, म्हणजे ‘कबरशिळेवरील लेख’, असे जुन्या दरबारी थाटाचे शीर्षक देऊन एक मुक्तछंदातील कविता लिहिली. तिचा नायक सुलेमान एफेंदी हा कोणी पाशा नव्हता. जगात त्याला सर्वांत जास्त छळले ते पायाच्या कुरुपाने, आणि बूट चावत नसला की त्याला अल्लाची आठवणही होत नसे. असा विषय कवितेत आलाच कसा, म्हणून तेव्हा पुष्कळ गहजब झाला. शिळेच्या परंपरेतील विनंती, सन, पदव्या हे सारे इथे गळून पडले आहे. उरली आहे ती केवळ एका साध्या माणसाबद्दलची हळहळ, आणि ती जुन्या शिळांइतक्याच थेटपणे वाचणाऱ्यापर्यंत पोहोचते.