लॅपटॉप फॉरमॅट करू नका

रात्री थांबून ऑफिसच्या लॅपटॉपवर टोरेंटने दोन चित्रपट उतरवले, आता कंपनीला कॉपीराइटची नोटीस आलीय, फॉरमॅट मारला तर प्रकरण मिटेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही मिटणार, चिघळेल.

मी बरीच वर्षं ऑफिसांचं नेटवर्क सांभाळतेय, अशा नोटिसा हाताखालून गेल्यात. त्यात फाइलचं नाव, तारीख, सेकंदापर्यंतची वेळ, आयपी पत्ता (इंटरनेटवरचा पत्ता) आणि बहुतेकदा पोर्टही (त्या पत्त्यावरच्या जोडणीचा क्रमांक) असतो. बाहेरून सगळं ऑफिस एकाच आयपीवर दिसतं, म्हणून नोटीस कंपनीच्या नावावर येते. पण त्या क्षणी तो पोर्ट आतल्या कुठल्या मशीनकडे होता, हे फायरवॉलच्या, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कच्या दारावरच्या पहारेकऱ्याच्या, नोंदींत सापडतं, आणि ते मशीन कुणाचं हे डीएचसीपीच्या, म्हणजे आतल्या मशीनना पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या, नोंदींत. दोन्ही नोंदी सर्व्हरवर असतात. तुमचा लॅपटॉप कोरा केल्याने त्या जात नाहीत.

'मी फक्त बघायला घेतला, कुणाला दिला नाही' असं तुम्ही लिहिलंय. टोरेंटमध्ये तसं होत नाही हो. फाइल तुकड्यातुकड्यांनी येते आणि आलेला तुकडा लगेच तुमच्याच मशीनवरून दुसऱ्यांना जायला लागतो. हक्कधारकांची माणसं त्याच घोळक्यात शिरून पत्ते टिपतात. म्हणजे चित्रपट तुम्ही घेतलात, आणि तो वाटला गेला कंपनीच्या पत्त्यावरून. नोटीस या वाटपाचीच असते.

पूर्वीच्या एका ऑफिसात एका मुलाने गाणी उतरवली होती. कुणी विचारायच्या आत त्याने डिस्क पुसली, त्यात क्लायंटचं तीन आठवड्यांचं काम गेलं. गाण्यांसाठी लेखी ताकीद देऊन विषय संपला असता. नोकरी गेली ती डिस्क पुसल्यामुळे. कामाला फार चांगला होता, मला अजून हळहळ वाटते.

तेव्हा आधी लॅपटॉप नेटवरून काढा. टोरेंटचा प्रोग्राम बऱ्याचदा मशीन चालू होताच आपोआप सुरू होतो, म्हणजे वाटप अजून चालू असू शकतं. काहीही डिलीट करू नका. मग उद्या सकाळीच मॅनेजर आणि आयटी, दोघांनाही स्वतः जाऊन सांगा: कोणत्या फाइली, कोणत्या रात्री. सोबत एखादा प्लेअर किंवा क्रॅक (पैसे न भरता सॉफ्टवेअर चालवायची फाइल) इन्स्टॉल केला असेल तर तेही लपवू नका, आम्हाला चित्रपटापेक्षा त्यातून येऊ शकणाऱ्या व्हायरसचीच धास्ती जास्त असते. आणि नोटिशीच्या मेलला तुम्ही परस्पर उत्तर देऊ नका, ते कंपनीला देऊ द्या.