व्हेनेसा नकाते फलक धरण्यापलीकडे नेमकं काय करते?

युगांडाची हवामान कार्यकर्ती व्हेनेसा नकाते फलक धरण्यापलीकडे काय करते, असं तुम्ही विचारलंय. ‘फलक धरण्यापलीकडे’ हे शब्द मी याआधी एका गाडीत ऐकलेत, म्हणून लिहायला बसलो.

2016 ते 2020 मी युगांडातल्या एका साखर कारखान्यात बॉयलरला शिफ्ट इंचार्ज होतो. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडची बरीच मंडळी तिकडे असतात. सप्टेंबर 2019 मध्ये पासपोर्टच्या कामाला मी आणि आमचे चीफ केमिस्ट राजधानी कंपालाला गेलो. महिन्याभरापूर्वीच कुरुंदवाडला आमच्या घरात महापुराचं पाणी शिरलं होतं. आई-वडील बहिणीकडे, आणि मी इथून नुसते फोन लावतोय. कंपालात एका चौकात चार-पाच पोरं हवामानबदलाचे फलक घेऊन उभी होती. साहेब म्हणाले, ‘‘फलक धरण्यापलीकडे काय करतात ही? त्यापेक्षा चार झाडं लावा म्हणावं.’’

परतताना जिंजा रस्त्यावर माबिराचं जंगल लागतं. नज्जेंबेला थांबून भाजलेली केळी घेतली. 2007 मध्ये या जंगलातली 7,100 हेक्टर जमीन उसाला द्यायचा सरकारचा बेत होता. साहेबांनी खाता खाता हिशोब मांडला, ‘‘साडेसतरा हजार एकर. एकरी 40 टन धर, 7 लाख टन ऊस हातचा गेला.’’ मी मान डोलावली. त्याची लाज मला अजून वाटते. ड्रायव्हर सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता. तो म्हणाला, ‘‘बॉस, 2007 ला मी त्या मोर्च्यात होतो. जंगल गेलं असतं तर तुमच्या उसाला पाऊस कुठून आला असता?’’

गाडीत पुढे कुणी बोललं नाही. माझ्या डोळ्यांपुढे आमचं पाण्यातलं घर होतं.

त्या वेळी लोकांनी साखरेवर बहिष्कार टाकला होता, रस्त्यावर उतरले होते. बेत बारगळला. 2011 मध्ये तो पुन्हा वर आला, पुन्हा लोक आडवे आले. माबिरा रोपं लावून वाचलं नसतं. झाडं तिथे होतीच, ती तोडायची परवानगी अडवायची होती. साहेब आता निवृत्त होऊन सांगलीत असतात आणि हे त्यांना आजही पटत नाही.

आता व्हेनेसाबद्दल. जन्म 1996 चा, कंपालाची, शिक्षण व्यवसाय प्रशासनाचं. जानेवारी 2019 मध्ये ती पहिल्यांदा फलक घेऊन उभी राहिली, पुढे कित्येक महिने संसदेच्या फाटकाशी एकटीच. काँगोचं वर्षावन हा तिचा विषय. युगांडातलं होइमा ते टांझानियातलं टांगा बंदर या 1,443 किलोमीटरच्या तेलवाहिनीलाही तिचा विरोध आहे. जानेवारी 2020 मध्ये दावोसला चार गोऱ्या मुलींबरोबर तिचा फोटो निघाला, तर असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं तिलाच कापून तो छापायला दिला. पुढे त्यांनी माफी मागितली. 2022 पासून ती युनिसेफची सदिच्छादूत आहे.

‘प्रत्यक्ष काम’ हवं असेल तर तेही आहे. 2019 मध्ये तिनं शाळांवर सौर पॅनेल आणि शाळेच्या स्वयंपाकघरात सुधारित चुली बसवायचा प्रकल्प सुरू केला. तिकडे शाळांत पोशो, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि घेवडा मोठमोठ्या पातेल्यांत लाकडावर शिजतो. तीन दगडांच्या चुलीत बरीचशी आच बाजूनंच निघून जाते, बंदिस्त चूल ती पातेल्याला लावते. लाकूड कमी, धूर कमी. जन्म भट्टीसमोर काढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पण चुली बसवल्या नसत्या तरी फलक धरणं हेही कामच, हे माझं मत राहिलंच असतं.

दोन गोष्टी राहिल्या. 2007 च्या मोर्च्याला हिंसक वळण लागलं, माणसं मेली, त्यांत एक भारतीयही होता. त्याचं समर्थन मी करणार नाही. आणि तेलवाहिनीला विरोध करणाऱ्या तरुणांना कंपालात पोलिसांनी वेळोवेळी उचललंय, तेव्हा उभं राहणं फुकटात होत नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय, मुलीला असं काही करायचंय, जाऊ द्यावं का? जाऊ द्या, आणि पहिल्या दिवशी तुम्हीही जा. व्हेनेसासुद्धा पहिल्या दिवशी एकटी नव्हती, घरची भावंडं बरोबर होती.