वाचकांचे प्रश्न : 'संशोधनाची आवड' या रकान्यात काय लिहायचं?

प्रश्न : एम.एस्सी. झाली. कर्करोगावर काम करायचं आहे. पीएच.डी.च्या अर्जात संशोधनाची आवड दोनशे शब्दांत मागितली आहे. काय लिहू?

उत्तर : 'मला कर्करोगावर काम करायला आवडेल' हे वाक्य आधी खोडा. ते जवळजवळ प्रत्येक अर्जात असतं. निवड करणारे तीन गोष्टी शोधतात : प्रश्न कोणता, तो कशात तपासणार आणि मोजणार काय. 'गाठी औषधाला दाद का देत नाहीत' हा प्रश्न अजून सैल आहे. 'टॅमॉक्सिफेन हे औषध देत राहिल्यावर जगून उरलेल्या, स्तनाच्या कर्करोगाच्या एमसीएफ-७ पेशींत इस्ट्रोजेन रिसेप्टर या प्रथिनाचं जनुक बदललेलं असतं, की त्या प्रथिनाचं प्रमाण नुसतं घटलेलं असतं?' असं लिहिलं की पुढचं काम आपोआप दिसतं. जनुकाचं सिक्वेन्सिंग करायचं, म्हणजे त्याचा अक्षरक्रम वाचायचा, वेस्टर्न ब्लॉटवर प्रथिन मोजायचं आणि औषध न दिलेल्या पेशी तितकेच दिवस शेजारी वाढवायच्या. ही शेवटची तुलना बहुतेक जण लिहायला विसरतात, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न तिच्यावरच येतो.

'कशात तपासणार' याकडे विद्यार्थी फारसे लक्ष देत नाहीत, पण पुढच्या पाच वर्षांची दिनचर्या त्यावरच ठरते. सी. एलिगन्स हा सूत्रकृमी २० अंश सेल्सिअसला साधारण ३ दिवसांत अंड्यातून प्रौढ होतो. फळमाशीला २५ अंशांना १० दिवस लागतात. झेब्राफिशचा भ्रूण पारदर्शक असल्याने त्याचं हृदय धडधडताना दिसतं, पण मासा वयात यायला तीनेक महिने जातात. उंदराचा गर्भकाळच सुमारे ३ आठवड्यांचा. त्यातून वेगवेगळ्या गुणसूत्रांवरची दोन जनुकं एकाच पिल्लात दोन्ही प्रतींनी बंद हवी असतील आणि आईबाप दोन्ही जनुकांचे नुसते वाहक असतील, तर १६ पिल्लांमागे सरासरी १ कामाचं निघतं. दहा पिल्लं हवी असतील तर दीडशेच्या वर जन्माला घालावी लागतात, आणि तेवढ्या पिंजऱ्यांना प्राणी नीतिसमिती सहजी मान्यता देत नाही. अर्ज करण्याआधी हा हिशेब कागदावर मांडा.

'कर्करोग' या शब्दात अडकून कृमींवर काम करणारी प्रयोगशाळा वगळू नका. सिडनी ब्रेनर यांनी निवडलेल्या याच कृमीच्या द्विलिंगी प्रौढात ९५९ कायिक पेशी असतात. वाढताना तयार होणाऱ्यांपैकी कोणत्या पेशी ठरल्याप्रमाणे मरतात, याचा शोध घेताना सेड-९ हे जनुक हाती लागलं. लिम्फोमा या लसिका पेशींच्या कर्करोगात सापडलेल्या बीसीएल-२ या मानवी जनुकाचा तो भाऊबंद निघाला. बीसीएल-२ला रोखणारं व्हेनेटोक्लॅक्स आज रक्ताच्या कर्करोगात दिलं जातं. ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चं नोबेल मिळालं, ते या कृमीवरच्या कामासाठी.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या शोधनिबंधांची संख्या मोजण्यापेक्षा गेल्या पाच-सहा विद्यार्थ्यांना विचारा, तेही मार्गदर्शक समोर नसताना : पीएच.डी. किती वर्षांत संपली, मधेच कोण सोडून गेलं, शोधनिबंधावर पहिलं नाव कोणाचं लागलं?

प्रश्न : प्रकल्पात पेशींची वाढ मंद आहे. माध्यम (पेशी वाढवायचं द्रव) स्वच्छ दिसतं, पण निकाल दर वेळी वेगळा. हे काम माझ्या हातचं नाही असं समजून दुसरीकडे वळू का?

उत्तर : हात तपासण्याआधी मायकोप्लाझ्मा तपासा. या जिवाणूला पेशीभित्तिका नसते, त्यामुळे पेनिसिलिनचा त्याच्यावर परिणाम होत नाही. तो ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही जाऊ शकतो. माध्यम गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकात काही दिसत नाही. आतल्या आत तो आर्जिनिन खातो आणि पेशींची वाढ व जनुकांचं काम दोन्ही बदलतो.

काही पॅसेज (पेशी नव्या भांड्यात हलवण्याच्या फेऱ्या) प्रतिजैविकाविना वाढवा. पेशी दाट झाल्या आणि माध्यम दोन-तीन दिवस जुनं झालं की त्या माध्यमाची पीसीआर, म्हणजे जिवाणूचा डीएनए शोधणारी चाचणी, करा. सोबत तुलनेला ज्ञात बाधित नमुना आणि नुसतं पाणी हवंच. पेशींचे घटक पीसीआर अडवू शकतात, म्हणून नकारात्मक निकालावर लगेच विसंबू नका. डीएपीआय हा डीएनएला चिकटणारा रंग दिल्यावर केंद्रकाबाहेर बारीक ठिपके दिसले, तर संशय पक्का. बाधा निघाली तर पेशी ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेने मारून) टाका आणि जुनी गोठवलेली कुपी काढा, पण तीही तपासूनच. बाधा होऊन गेल्यावर गोठवलेला साठा तितकाच निरुपयोगी.

बाधा नसेल तर पेशींची ओळख पटवा. स्टॅनली गार्टलर यांनी १९६६ मध्येच दाखवलं होतं की वेगवेगळ्या नावांनी वाढवल्या जाणाऱ्या अनेक पेशी प्रत्यक्षात १९५१ मध्ये एका रुग्णाच्या गाठीतून वाढवलेल्या हेला पेशी होत्या. आता एसटीआर या डीएनएवरून ओळख पटवणाऱ्या चाचणीने हे कळतं. दोन्ही चाचण्या झाल्याशिवाय करिअर बदलण्याचा विचार करू नका.

प्रश्न : माझ्याकडे तीन नमुने आहेत, तरी परीक्षक 'एन', म्हणजे स्वतंत्र नमुन्यांची संख्या, एकच आहे म्हणतात.

उत्तर : एकाच दिवशी, एकाच फ्लास्कमधल्या पेशी प्लेटच्या तीन खड्ड्यांत घातल्या असतील तर परीक्षकांचं बरोबर आहे. त्यातून फक्त तुमच्या पिपेटचा अचूकपणा कळतो. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या पेशींवर प्रयोग पुन्हा करा.

प्रश्न : पीएच.डी.नंतर प्रयोगशाळेत राहायचं नाही. काय उरतं?

उत्तर : बरंच उरतं, पण 'काहीही चालेल' असा अर्ज कुठेच चालत नाही. औषध-नियमनात जायचं असेल तर सीटीडीचे (औषधाच्या मंजुरीसाठी द्यायच्या कागदपत्रांच्या ठरलेल्या साच्याचे) पाच विभाग आणि कोणत्या विभागात काय जातं हे मुलाखतीआधी पाठ हवं. वैद्यकीय लेखनात पदवीपेक्षा नमुना बघतात : प्रसिद्ध झालेल्या एखाद्या चाचणीचा एका पानाचा सारांश लिहून ठेवा, आणि त्यात दुष्परिणामांचे आकडे गाळू नका. नैदानिक चाचण्यांच्या आकडेवारीत शिरायचं असेल तर आर या संगणकीय भाषेत रुग्णांच्या जगण्याच्या कालावधीचं विश्लेषण करता यायला हवं, म्हणजे कॅप्लान-मायर आलेख नुसता काढता नव्हे, समजावताही यायला हवा. मधेच चाचणी सोडून गेलेले रुग्ण त्यात कसे मोजतात, इथे उमेदवार सर्रास अडखळतात.